ज्ञानदेव वॉलमनची फॉरेन बॉडी

घोटाळा घातला तो महेंद्रनं. महेंद्र म्हणजे अस्मादिक. पण गोष्ट ज्ञानदेवमामांची आहे, तेव्हा भाच्यानं इथं आपल्या नावानिशी चारचौघांसारखं वावरावं, उगीच 'मी मी' करू नये, हे बरं.

झालं ते असं. शिरूरच्या स्कॅन सेंटरमधून मामांच्या चेहऱ्याच्या सीटी स्कॅनचं पाकीट महेंद्रनं घेतलं आणि तसाच तो रांजणगावला कंपनीत सेकंड शिफ्टला गेला. मशीन चालू असताना दगडोबा मास्तरांचा फोन आला. दगडोबा मास्तर म्हणजे शिरूरच्या 'सुरदीप ब्रास बँड'चे मालक, आणि मामा त्यांच्याकडे क्लॅरिनेट वाजवतात. मास्तर म्हणाले, "आरं, ज्ञानदेवाचं काय निघालं?" महेंद्रनं कागद उघडला. सगळं इंग्रजी. शाळेत पास होण्यापुरतं इंग्रजी महेंद्रला येत होतं, ते पास झाल्यावर त्यानं तिथंच ठेवलं होतं. त्यातल्या त्यात ओळखीचे वाटले ते दोन शब्द त्यानं मशीनच्या वर आवाज चढवून सांगितले, "फॉरेन बॉडी निघालीय, मास्तर. लेफ्ट साईडला."

आता बँडवाल्यांच्या बोलीत क्लॅरिनेटच्या काळ्या नळीला बॉडी म्हणतात. मेरठला बनलेली बॉडी सगळ्यांकडे असते. फॉरेनची बॉडी मात्र कुणाच्या तरी मेव्हण्यानं मुंबईत कुणाच्या तरी हातात पाहिलेली असते, तेवढीच. मास्तरांना त्या आवाजात 'फॉरेन बॉडी' आणि 'निघाली' एवढं ऐकू आलं. 'लेफ्ट साईड' त्यांनी सोडून दिली. बातमी चांगली असली की माणूस डावं-उजवं बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तळेगाव ढमढेऱ्याला हौसरावांच्या ओट्यावर हजर. हौसराव म्हणजे तिथले जुने बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांच्या नातीचं, मोनालीचं, तुळशीच्या लग्नानंतर लग्न होतं आणि नातू रविराज डीजेवर अडून बसला होता.

"आबा, डीजे तालुक्यात पैशाला पासरी हायेत," मास्तर म्हणाले. "पर आमच्या ज्ञानदेवानं फॉरेनची बॉडी काढलीय. नुसती फुंकर घातली तरी भिंतीला पाझर फुटंल."

हौसरावांच्या पत्नी सारजाबाई आतून म्हणाल्या, "ज्ञानदेव म्हंजी आपल्या लेकीच्या बोळवणीला ज्यानं वाजवलं त्योच ना? तवा मांडवातलं कुत्रंबी गप झालं हुतं."

झालं. हौसरावांनी मास्तरांच्या हातावर सुपारी ठेवली. या धंद्यात ठराव असा होतो. सुपारी खिशात गेली की लग्न तुमचं, आणि खिशातली सुपारी माघारी देणं म्हणजे बँडच्या ढोलाला आपल्या हातानं भोक पाडणं. सुपारी ठेवताना हौसरावांनी एकच अट घातली. बोळवणीला, म्हणजे नवरी सासरी निघताना, क्लॅरिनेट ज्ञानदेवाचं पाहिजे. त्या फॉरेनच्या बॉडीवर.

ज्याची बॉडी, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ज्ञानदेवमामा शिरूर नगरपरिषदेत वॉलमन आहेत. खांद्यावर लांब लोखंडी किल्ली टाकून पहाटे गल्लीगल्लीतल्या खड्ड्यांपाशी उकिडवं बसायचं आणि पाण्याचे वॉल फिरवायचे, हे त्यांचं काम. पाणी यायच्या आधी पाइपातनं हवा येते. आधी खरखर, मग शीळ, मग एक लांब सुस्कारा, आणि मग कुठं पाणी. मामा त्या सुस्काऱ्यापाशी थांबतात. किल्लीवर हनुवटी टेकून, डोळे मिटून. लोकांना वाटतं वॉलमनला झोप लागली. खरं म्हणजे त्या वेळी मामा जागे असतात आणि बाकीच्या वेळी झोपेत असतात, असं मामींचं मत आहे.

क्लॅरिनेट त्यांना दौंडला भेटलं. लहानपणी ते मावशीकडे दौंडला राहायला होते, एसआरपी कॅम्पाच्या बाजूला. कॅम्पातल्या बँडमधून रिटायर झालेला एक हवालदार संध्याकाळी घराबाहेर खाट टाकून वाजवत बसायचा. ज्ञानदेव समोर जाऊन उभा राहायचा. हवालदारानं बरेच दिवस त्याला हाकललं, मग कंटाळून शिकवलं. रेल्वे यार्डात मालगाडी जोडली जायची, डबे एकामागून एक धडकत जायचे, आणि त्या आवाजाच्या मधल्या फटीत हवालदाराचा सूर एखाद्या धाग्यासारखा लोंबत राहायचा. मामा अजूनही वाजवताना मध्येच थांबतात. का, विचारलं तर म्हणतात, "गाडी जाऊंदे."

तर त्या सकाळी मामांनी वॉल सोडला आणि नळावरच्या गिताबाई म्हणाल्या, "वॉलमन, फॉरेन घेतलं म्हणं. आता आमच्या गल्लीला पाणी कशाला सोडताय? इमानानं फिरा."

"कसलं फॉरेन?"

"आता लपवताय व्हय? दगडोबा मास्तर सगळ्या पेठंत सांगत सुटल्यात."

पुढच्या गल्लीत आणखी एकानं हात जोडले. त्याच्या पुढच्या गल्लीत पेढे मागितले. मामांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की गोष्ट खरी-खोटी ठरते. न विचारता ती बराच वेळ हातात धरून चालता येते. चालता चालता त्यांचा हिशोब जुळला. महेंद्रला कंपनीत बोनस मिळाला होता. परवाच महेंद्रनं त्यांचं मेरठचं क्लॅरिनेट हातात घेऊन म्हटलं होतं, "मामा, हे लई जुनं झालं ओ." आणि मास्तरांना फोनवर सांगणाराही महेंद्रच. म्हणजे भाच्यानं गुपचूप घेतलंय. त्याशिवाय का गावभर बोभाटा आणि घरात चिडीचूप?

तो सगळा दिवस मामा त्या फॉरेनच्या क्लॅरिनेटच्या लाकडाच्या वासात फिरले. वास म्हणजे मनातलाच. खऱ्या नाकाला त्या दिवसांत डाव्या बाजूनं नुसती घाण यायची. ते कसलं लाकूड असेल? काळं, तेल पाजलेलं, हातात घेतल्यावर आधी थंड आणि मग हळूहळू माणसाइतकं ऊन होणारं. कुठल्या तरी देशात ते झाड उभं असेल, त्याच्या फांदीवर भलत्याच भाषेत बोलणारं पाखरू बसलं असेल, आणि त्या झाडाला काय ठाऊक की आपण एक दिवस घोडनदीच्या काठाला जाणार. दुपारी त्यांनी कपाटातला वरचा खण रिकामा केला. जुन्या लग्नपत्रिका, तुटकी छत्री, प्राचीच्या शाळेतले बिल्ले, सगळं खाली आलं.

"हे काय आरंभलंय?" ताईबाई मामींनी विचारलं.

"जागा करतोय."

"कुणाला?"

"येईल कोणतरी."

महेंद्रला त्या दिवशी सुट्टी होती. संध्याकाळी तो आला. हातात ते मोठं, चपटं, पांढरं पाकीट. मामा उंबऱ्यातच उभे होते. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, महेंद्रच्या मागं पाहिलं, मग चप्पल न घालता मोटारसायकलपर्यंत जाऊन तिच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं.

"काय बघताय, मामा?"

"पेटी कुठाय?"

"कसली पेटी?"

मामा थोडा वेळ मोटारसायकलच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. "काय न्हाई. ये. चा घे," म्हणाले.

उलगडा केला तो प्राचीनं. मामांची लेक प्राची दौंडला दिलेली, आणि कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये. तिला कागदाचा फोटो पाठवला, तिचा लगेच फोन आला. मामींनी फोन स्पीकरवर टाकला.

"पप्पा, फॉरेन बॉडी म्हणजे शरीरात नको तिथं जाऊन बसलेली वस्तू. तुमच्या दाताचं मूळ आहे ते. गालाच्या हाडात आत पोकळी असते, सायनस म्हणतात, तिथं गेलंय."

"म्हंजी आपलाच दात?" मामींनी विचारलं.

"आपलाच."

"मग फॉरेन कसा?"

"जागा सोडली की फॉरेनच, मम्मी."

महेंद्रनं चहाचा कप उचलला तो तोंडापुढं बराच वेळ धरून ठेवला. मामा मात्र हसले. आधी बारीक, मग खांदे हलवून. हसता हसता डाव्या नाकपुडीतून चहा आला तेव्हा थांबले.

चहाचं ते नाकातून येणं उन्हाळ्यापासूनचं. वरची दाढ किडली, डॉक्टरनं काढायला घेतली, मूळ वाकडं होतं ते मोडलं, आणि तो तुकडा खाली यायचा सोडून वर सटकला. तुकडा वर गेला त्या वाटेचं भोक तसंच राहिलं. गुळणा केला की पाणी नाकातून. पण त्यापेक्षा वाईट दुसरंच होतं आणि ते मामांनी कुणाला सांगितलं नव्हतं. क्लॅरिनेट ओठात धरून गालात हवा भरली की ती नळीत जायच्या आधीच वरच्या भोकातून सुटायची. बोटं बरोबर, ओठातली पत्ती बरोबर, आणि सूर मात्र नाकातून फुस्स. लग्नसराईचे शेवटचे दिवस त्यांनी ढोलाच्या आवाजामागं नुसती बोटं नाचवून काढले होते. वॉलमन माणूस, गळती कशाला म्हणतात ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. हौसरावांची सुपारी मास्तरांच्या खिशात गेल्याचं एव्हाना त्यांच्याही कानावर आलं होतं, तिची त्यांना काळजी होती. पण तिच्याही खाली, कुणाला न दिसणारी आणखी एक काळजी होती. आपला सूर आता कायमचाच गेला का?

मास्तरांना खरं कळलं तेव्हा ते मामांच्या दारात मटकन बसले. "ज्ञानदेवा, मी तर फॉरेन म्हणून बसलो. सुपारी माघारी दिऊ व्हय?"

"आधी नाक बघू," मामा म्हणाले.

नाक बघायला दौंड. प्राचीच्या घराजवळच्या दवाखान्यात पुण्याहून एक तरुण डॉक्टरबाई आठवड्यातून एकदा येत. त्या दुर्बिणीतून ऑपरेशन करतात, असं प्राचीनं सांगितलं होतं. मामांच्या डोक्यात दुर्बीण म्हणजे लांबचं बघायची. स्वतःचं नाक इतकं लांब असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"काका, तोंडात काही टोकदार वगैरे धरायची सवय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पत्ती धरतो की रोज."

बाईंचं पेन थांबलं. "पत्ती? दाढीची?"

"न्हाई, बाजाची. वेताची असती. व्हटात धरायची आन् फुंकायचं."

"क्लॅरिनेट वाजवतात ते," प्राची घाईघाईनं म्हणाली. "पत्ती म्हणजे त्याची रीड."

बाईंनी मग एक बारीक काठी घेतली, तिच्या टोकाला दिवा. ती नाकात गेली आणि समोरच्या पडद्यावर एक ओली गुलाबी वाट उघडली. मामा आपल्याच नाकात बघत बसले. भिंती, वळणं, मध्येच एक कमान. बाई सांगत होत्या. चेहऱ्याच्या हाडांत अशा रिकाम्या खोल्या असतात, त्यांत नुसती हवा असते. गालातल्या खोलीत तो तुकडा अडकलाय. नाकाच्या वाटेनं दुर्बीण घालून तो काढायचा, बाहेरून कापाकापी नाही, आणि मग तोंडातलं भोक हिरडीची कातडी ओढून शिवायचं.

"येवढ्या खोल्या रिकाम्या कशाला ठिवल्यात?" मामांनी विचारलं.

"डोकं हलकं राहावं म्हणून. आवाज घुमावा म्हणूनही, असं म्हणतात."

"मग आमच्या ह्यांच्यात जरा जास्तच ठिवल्या असतील," मामी म्हणाल्या.

मामांनी विचारायचं ते शेवटी विचारलं. दाराशी जाऊन, चप्पल घालता घालता, जणू सहज आठवलं असं. "वाजवता येईल का, बाई?"

"टाका धरला तर येईल. नाही धरला तर पुन्हा बघावं लागेल," त्या म्हणाल्या. गोड बोलायची त्यांना सवय नसावी.

ऑपरेशन श्रावणात झालं. भुलीच्या डॉक्टरनं मामांना अंक मोजायला सांगितले. मामांना अंकांत गोडी नव्हती. त्यांनी 'सा' लावला मनातल्या मनात, आणि तो 'सा' त्यांना हाताला धरून घेऊन गेला.

ते एका बोळात होते. कारेगावात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा असतात ना, एकसारखी दारं, एकसारखे पत्रे, तसाच बोळ. पण उजेड निळसर, टाकीच्या तळाला पडतो तसा. खांद्यावर किल्ली होती. पहिल्या खोलीचं दार त्यांनी लोटलं तर आत त्यांनी आजवर फुंकलेल्या फुंकरा बसल्या होत्या. स्टँडवर माणसं गाडीची वाट बघत बसतात तशा, गठुडी मांडीवर घेऊन, कुणी कुणाशी न बोलता. काही अगदी पोरसवदा, दौंडच्या खाटेपाशी चुकलेल्या. त्यांनी मामांना ओळखलं आणि जरा सरकून जागा केली. दुसऱ्या खोलीत आई जात्यावर होती. ओवी ऐकू येत नव्हती, नुसता तिचा गुंजारव भिंतीतून येत होता आणि भिंत ऊन लागत होती. मामांना तिथंच बसावंसं वाटलं. पण बोळाच्या टोकाला डाव्या हाताची एक खोली होती आणि तिच्या दारातून घाण वास येत होता.

आत तो बसला होता. दाताचं मूळ. एकच पाय, तो पसरून, शेजारी पत्र्याची ट्रंक.

"कवा आलास?" मामांनी विचारलं.

"उन्हाळ्यात."

"डिपॉझिट?"

"मामा, मी घरचाच की. मला कसलं डिपॉझिट मागताय?"

मामांना ते पटलं. तो घरचाच होता. जन्मभर त्याच्यासंगं भाकरी चावली होती. हाकलावं कसं, अशा विचारात ते उभे असताना बोळातून उजेड आला. लांब, बारीक, एका डोळ्याचा, खेड्यातल्या पाहुण्यासारखा वाकून दारादारात डोकावणारा. त्या उजेडाला बघून मुळानं ट्रंक उचलली. "निघतो," म्हणाला. "राग न्हाई ना?" "न्हाई," मामा म्हणाले. मग कुणीतरी बाहेरून दार ओढून घेतलं, अगदी हळू, निजलेलं पोर जागं होऊ नये तसं. आणि सगळ्या खोल्यांत पाणी येण्याआधीचा तो लांब सुस्कारा भरून राहिला.

जागे झाले तेव्हा नाकात बोळा होता आणि समोर मामी होत्या. "काय बडबडत हुता? डिपॉझिट, डिपॉझिट. कुणाला खोली देताय?"

डॉक्टरबाईंनी तुकडा एका बारक्या बाटलीत घालून दिला आणि नियम सांगितले. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. फुंकायचं तर अजिबातच नाही, चहासुद्धा नाही. तेव्हापासून मामांच्या घरी एक नवीन देखावा सुरू झाला. मामी बशीत चहा ओतायच्या, त्यावर फुंकर घालायच्या, आणि मग बशी मामांच्या हातात द्यायच्या. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईनं नवऱ्याचा चहा फुंकावा हे शेजारच्या नकुशीला फार मौजेचं वाटायचं. ती मुद्दाम साखर मागायला त्याच वेळी यायची. "मामी, माझ्याबी ह्यांचं नाक बघून घ्या की जरा." मामी तिच्याकडे बघायच्याही नाहीत.

भाद्रपदात एका बाजारच्या दिवशी मामा तळेगाव ढमढेऱ्याला गेले. बरोबर मास्तर आणि, घोटाळ्याचा धनी म्हणून, महेंद्र. मास्तरांनी वाटेत एक युक्ती काढली होती. दौंडचा एक चांगला क्लॅरिनेटवाला आणायचा, त्यानं पाठीमागं उभं राहून वाजवायचं, आणि मामांनी पुढं नुसती बोटं नाचवायची. फॉरेनचं विचारलं तर दुरुस्तीला गेलंय म्हणायचं.

मामा जीपच्या खिडकीतून बाहेर उसाकडे बघत होते.

हौसरावांनी ओट्यावर खुर्च्या मागवल्या. मामा खुर्चीत बसण्याआधी क्षणभर ओट्याच्या पायरीकडे बघत राहिले. त्यांचे वडील इथं त्या पायरीवर बसायचे. मग ते बसले, खिशातून बाटली काढली आणि हौसरावांच्या हातात दिली.

"आबा, ही फॉरेन बॉडी."

हौसरावांनी बाटली उन्हात धरली. चष्मा मागवला. पुन्हा धरली. महेंद्रनं सगळं सांगितलं, कागदापासून मशीनपर्यंत, आणि सांगताना घामाघूम झाला. सारजाबाई चौकटीतून पुढं आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यापरीस माझ्या नथीतला मोती मोठा हाय." रविराज आत जाऊन हसला, पण ते हसू बाहेरपर्यंत आलं.

"आन् फुंकर?" हौसरावांनी विचारलं.

"सांगता येत न्हाई, आबा. टाका धरतोय म्हंत्यात. सुपारी ठिवायची का माघारी घ्यायची, त्येच इचारायला आलो."

हौसरावांनी बाटली खाली ठेवली. मिशी चाचपली. मास्तर मामांकडे डोळे वटारून बघत होते. हे असं सरळ विचारायचं ठरलं नव्हतं.

"सुपारी मी तुझ्या नळीला दिली व्हती काय?" हौसराव म्हणाले. "तुला दिली. यायची तर यील, न्हाई तर न्हाई. पर एक सांगतो. म्हागं दुसरा हुबा करून तू नुसती बोटं हलवलीस तर मला कळंल. म्हातारा झालोय, बहिरा न्हाई."

मास्तरांना ठसका लागला. त्यांना पाणी दिलं गेलं.

परतताना मास्तर रुसून पुढच्या सीटवर बसले. मामांचा चेहरा मात्र मोकळा होता. पण आता आडोसा उरला नव्हता. त्या दिवसापासून मामा वॉलच्या किल्लीवर बोळवणीची धून बोटांनी वाजवू लागले, फुंकर न घालता. ती धून लोकांना माहीत आहे. खालच्या सुरांत ती घरातच घुटमळते. भांड्यांपाशी, तुळशीपाशी, गोठ्यापाशी. मग एकेक पायरी चढत उंबऱ्यापाशी येते आणि तिथून एकदम टिपेला जाते, सगळ्यात वरच्या सुरावर, आणि तो सूर लांबवर धरायचा असतो, गाडी वळणाआड जाईपर्यंत. त्या टिपेवर बाया पदर तोंडाला लावतात. टिपेला सगळा दम लागतो, गाल फुगून घट्ट होतात. टाका उसवला तर तिथंच उसवणार.

लग्नाच्या आधी मामा दौंडला दाखवायला गेले. डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. "छान भरलंय. पण कातडी कोवळी आहे. खालचे सूर हळू वाजवा. जोर लागेल तिथं थांबा."

"वरचं?"

"वरचं आत्ता नाही."

लग्न झालं. पंगती उठल्या, फोटो झाले, ऊन उतरायला लागलं. मोनाली गाडीकडे निघाली तेव्हा मास्तरांनी हात वर केला आणि ढोल थांबला. मामांनी मेरठचं क्लॅरिनेट ओठाला लावलं. पत्ती ओली केली. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा चारचौघांत त्यांनी आत हवा घेतली आणि ती जाईल कुठं याची वाट बघितली.

ती नळीत गेली. सगळीच्या सगळी.

सूर खर्जात निघाला, लाकडाचा, जरा घोगरा. नाकात काही नाही, गालात काही नाही. मामांनी डोळे मिटले. मांडव हळूहळू विरघळला. उरलं ते निळसर ऊन आणि त्यात पाण्यासारखी हलणारी माणसं. धून घरातून फिरली. भांड्यांपाशी थांबली. तुळशीला वळसा घालून आली. सारजाबाईंनी नातीच्या गालावरून हात फिरवला आणि त्यांचा हात तिथंच राहिला. महेंद्र जनरेटरपाशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. धून पायऱ्या चढत उंबऱ्यापाशी आली. मोनालीनं गाडीच्या दारावर हात ठेवला आणि ती थांबली. तिनं आत्याच्या बोळवणीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. आता तो वरचा सूर येणार, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मामांच्या गालात हवा भरली. जाईल, असं त्यांना आतून वाटत होतं. अगदी जवळ होतं ते. ओठ आवळले, बोट उचललं, आणि नेमकं तिथं त्यांना ते हळूच ओढून घेतलेलं दार जाणवलं, नवीन, कोवळं, अजून रंगसुद्धा न वाळलेलं. त्यांनी बोट परत खाली ठेवलं. उंबऱ्यावरचाच सूर धरला, बारीक बारीक होत जाईल तसा होऊ दिला, आणि सोडला.

कुणालाच लगेच कळलं नाही की संपलं. सगळे तसेच वर बघत उभे. त्या रिकाम्या जागेत मोनाली गाडीत बसली, आणि बायांनी पदर तोंडाला लावले ते तिथंच, सुराविना. गाडी निघाली. धूळ खाली बसली.

हौसराव काठी टेकत मामांपाशी आले. डोळे पुसलेले होते, पण आवाजात चेअरमनपणा होता. "ज्ञानदेवा, वरचं ऱ्हायलं."

"ऱ्हायलं, आबा."

"डॉक्टरनं नगं म्हटलंय?"

"व्हय. तेवढं देणं लागतो मी पोरीचं."

"मला न्हाई, तिला सांग."

मोनाली पाचपरतावणाला, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, आली तेव्हा मामांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मी सासरी सांगून ठेवलंय, माझी अर्धी बोळवण अजून माहेरी आहे म्हणून. नवरा म्हणतो, मग पुरी आलीच नाहीस तर." मामा हसले. डॉक्टरबाईंनी अजून वरचं मोकळं केलेलं नव्हतं. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला ती पुन्हा आली, तेव्हा मामांना पडसं झालं होतं. शिंका तोंड उघडून चालल्या होत्या. तिनं दारातूनच विचारलं, "आज?"

"आज न्हाई, बाय."

"बरं," म्हणाली, आणि गेली.

टीप अजून द्यायची आहे.